ताकाची बाटली

६ मार्च
आज भंगाराच्या गोडाऊनमधी डोळं बांधून बसलो. इस्माईलभाईनं गमछा आवळला आन् एकेक बाटली कोब्यावर टाकत गेला. म्या नुसत्या आवाजावर नंबर सांगायचा. एक. एक. दोन. पाच. बुडाला तिकोनात आकडा असतो, त्यावरून प्लास्टिक कुठल्या ढिगात जातंय ते ठरतं. पण प्रत्येक बाटली उलटी करून बघत बसलं तर दिवस जातो, म्हणून कान. एक नंबर चुरचुरतो, दोन बद्द वाजतो. सगळ्या बरोबर आल्या, एकच चुकली. साताला पाच म्हणलो.

सहावीत गणितात गेलो तवा मास्तर म्हणले आकडं तुझ्यासाठी न्हाईत. आज ते सुरतला पाहिजे होते.

दुपारी आईचा फोन. कांदा काढताना पुन्यांदा उलटी झाली. तिसरी खेप. लिंबाखाली पडून होती म्हणं. दाजी म्हणतात ऊन लागतंय. आईला ऊन नवीन हाय का? जन्म तामलवाडीच्या रानात गेला.

८ मार्च
रविवार. कपडं धुतलं. आईला सगळं खोदून विचारलं. जेवलीस का, कधी, काय. भाकरी, ठेचा, कांदा. रोजचंच. पाणी कशातून पितीस?

आधी थंड पेयाची एक बाटली होती. एक नंबर. दोन उन्हाळं तीच वापरली, बुडाला हिरवं धरलं होतं, तरी म्हणायची नवीच हाय. संक्रांतीला दाजींनी ती उकिरड्यावर टाकली आन् तांब्याची बाटली आणून दिली. झाकण फिरवायचं, वरून मोराची नक्षी. 'तांब्यातलं पाणी लई गुणाचं' म्हणले. दाजी बी.कॉम. हायत, सोलापुरात हापिसात. सुमनताईचा नवरा म्हणून मान हायच, पण मला 'भंगारशेठ' म्हणतात, तेबी चारचौघात.

तरी बाटली चांगली दिली. एक नंबर फेकली ती मीबी फेकलीच असती. लिहायला जड जातंय पण खरं हाय.

मंग उलटी कशानं?

९ मार्च
कामात मन न्हाय. दोन नंबरच्या ढिगात पाच टाकला. इस्माईलभाईनं बघितलं, ओरडला न्हाय. चहाच्या वक्ताला सगळं सांगितलं. तो परांड्याचा, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचा. त्याचा बाप गावोगाव कल्हई करत फिरायचा, सोनारीच्या जत्रंत भट्टी लावायचा. ह्यानं ल्हानपणी भाता मारलाय.

समदं ऐकून एकच बोलला, "पानीच भरती क्या उसमें? पूछ्या क्या तू?"

पूछ्या नव्हतो.

१० मार्च
सापडलं.

सकाळीच फोन लावला. बाटलीत काय नेतीस? तर म्हणती, पाणी रानात घागरीत असतंच की, बाटलीत ताक नेते. म्हशीचं ताक, लिंबू पिळून, मीठ घालून. सकाळी भरायचं, दुपारी जेवताना प्यायचं. उन्हाचं बरं वाटतं.

म्या म्हणलो, आई, तांब्याच्या भांड्यात ताक?

"भांडं कुठाय? बाटली हाय ती."

आता हिला कसं समजवावं. मंग इस्माईलभाईच्या बापाची भट्टी आठवली. म्हणलो, आजीचं ते पितळी पातेलं, कल्हई गेल्यालं, त्यात ताक ठेवशील का?

"येडा का खुळा तू? कळकंल की."

मागं म्हैस हंबरलेली ऐकू आली. मंग हळूच, "आगं बाई. कळकल्यालं ताक पीत होते व्हय मी."

'कळकणं', म्हणजे आंबटात तांबं-पितळ उतरून बाधतं ते, तिचाच शब्द. तिनंच सांगितलं. माझ्यापेक्षा, दाजींपेक्षा तिला जास्त ठाऊक होतं. पण फिरकीचं झाकण आन् वरचा मोर बघून डोक्यात 'बाटली' बसली, 'भांडं' बसलंच न्हाय. तांब्या असता तर तिनं ताकाचा थेंब घातला नसता.

इस्माईलभाईला सांगायला गोडाऊनात पळत गेलो. इस्माईलभाई म्हणला, "हौ. अब्बा बोलते थे, आंबट आन् तांबा, बीच में कल्हई होनाच."

११ मार्च
उलटी न्हाय. ताकच बंद केलंय.

पण आईनं मला बजावून सांगितलंय, दाजींला बोलू नगंस, मन मोडंल. बाटलीत आता साधं पाणी भरती. ते ठीक हाय, पाण्याला काय होत न्हाय. पण ताकाबिगर दुपार निघत न्हाय म्हणती. खरंय, तिला दात दुखला तरी ताक लागतं.

१३ मार्च
घोटाळा. ताकासाठी भामाकाकूनं पांढरा डबा दिला. भामाकाकू शेजारीण, बांधाला बांध. आई खुशीत, "तुझ्या नंबरातलाच हाय, दोन लिवलंय. राखंनं घासलाय."

आधी काय होतं त्यात?

"फवारणीचं. पर वास गेलाय."

माझा आवाज चढला. आईवर आजवर चढवला नव्हता. दोन नंबर चांगला, मान्य. पण आकडा बाटली कशाची हाय ते सांगतो, बाटलीनं काय काय पाहिलं ते सांगत न्हाय. असले डबे आमच्याकडं येतात तवा आमी रबरी हातमोजं घालतो, आन् ही त्यात ताक नेणार.

डबा परत दिला म्हणली. रागावली हाय. म्हणती, "हे नको, ते नको, मंग कशात नेऊ, वंजळीत?"

बरोबर हाय तिचं. नको म्हणणं सोपं. आता बाटली म्याच निवडणार.

१४ मार्च
काच: सगळ्यात साफ. पण बांधावर किती दिस टिकंल. आईच्या पाटीत विळा असतो.
सात नंबर: काचंसारखी कडक, दिसाय देखणी. सातात काय काय मिसळलेलं असतं ते कुणी सांगत न्हाय. आमच्या शेठलाबी सात नको असतो.
पाच: बरा. डबं पाचाचंच असतात. पण वर्षभर उन्हात पडला की ठिसूळ होऊन तडकतो, रोज बघतो. आन् चरा पडला की त्यात वास बसतो.
स्टील. आंबट चालतं. राखंनं घासलं तरी चालतं. तोंड रुंद पाहिजे, आईचा हात आत गेला पाहिजे. ब्रश-बिश ती घेणार न्हाय.

ठरलं, स्टील.

१५ मार्च
बाजारात गेलो. दुकानदारानं लोहचुंबक काढलं, बाटलीला लावलं, चिकटलं न्हाय. "देखो, असली." दोन घेतल्या. एक आईला, एक मला. मोठ्या ऐटीत आलो.

१६ मार्च
ऐट उतरली. शेजारच्या गाळ्यात लोखंड-स्टीलवाला पटेल हाय. त्याला बाटली दाखवली. त्यानं एक थेंब औषध टाकलं, बॅटरीची तार टेकवली. थेंब लाल झाला. "दोनशे दोन." स्टीललाबी नंबर असतात, चुंबक ह्यालाबी चिकटत न्हाय म्हणला. हलका माल, आंबटात टिकत न्हाय, डाग धरतो. तीनशे चार असता तर थेंब तसाच ऱ्हायला असता.

इस्माईलभाई हसत हसत आडवा झाला. "तेरे कान हैं रे, चुंबक कायकू?"

१७ मार्च
पटेलकडून औषध आन् बॅटरी मागून दुकानात गेलो. भांडाय न्हाय गेलो, खरंच. म्हणलो शेठ, तुमचाच माल, तुमच्याच समोर. बुडाला थेंब. लाल. दुसरी, लाल. दुकानदार आधी तोंड वाकडं करून, मंग काउंटरवरनं वाकून बघाय लागला. गिऱ्हाईकं थांबली. एक बाई म्हणली माझी पण लावून बघ. पाचवी का सहावी, एका भिंतीची, साधी, रुंद तोंडाची, कुणी विचारत न्हाय म्हणून मागच्या फळीवर धूळ खात पडल्याली. थेंब टाकला. तार लावली. वाट बघितली.

तसाच. पाण्यासारखा.

दुकानदारानं दोन्ही बदलून दिल्या, वर चहा पाजला आन् विचारलं, ये दवा कहाँ मिलती है. सांगितलं. लपवायचं काय त्यात.

झाकणाच्या आतली चकती बघितली. प्लास्टिक, पाच. चालंल.

२१ मार्च
बाटली परवा सोलापूरच्या ट्रॅव्हल्सनं धाडली. उतरवून घ्यायला दाजीच. म्हणजे लपणार कसं. आईला म्हणलो, सांगावंच लागंल.

दाजींचा फोन आलाच. तांब्याची दिल्याली असताना ही कशाला? समदं सांगितलं. पाण्याला तुमचीच बाटली भारी, दाजी, फक्त ताकाला न्हाय. ते म्हणले, "आता तू मला शिकवणार? भंगारात बसून?"

कुठनं सुचलं ठाव न्हाय, बोललो, "भंगारातच कळतं दाजी. जगातली हरेक बाटली शेवटी आमच्याकडंच येती."

फोन ठेवला त्यांनी. रागानं का हसू आलं म्हणून, ते कळलं न्हाय.

२३ मार्च
दाजी सोताच तामलवाडीला गेले, बाटली देऊन आले. सुमनताईचा मेसेज: 'यांनी आईसमोर कल्हईच्या पातेल्याची गोष्ट परत सांगितली, जणू यांनाच सुचली.' सांगू दे. गोष्ट खरी हाय ना.

२ एप्रिल
ताक सुरू होऊन दहा दिस. एकदाबी उलटी न्हाय. आईनं बाटलीला जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलाय, ओला करून झाडाला टांगती. म्हणती थंडगार ऱ्हातंय. हे मला सुचलं नव्हतं.

भामाकाकूनं पांढऱ्या डब्याला विळ्यानं भोकं पाडली म्हणं, परत कुणी भरू नये म्हणून. आन् रानातल्या बायकांत आता बोलणं हाय, काय घ्यायचं आसंल तर आधी सुऱ्याला, म्हणजे मला, विचारा. काकू सोता फोनवर आली. "आरं सुऱ्या, माझ्या चहाच्या थर्मासाला किती नंबर?" म्या म्हणलो काकू, बुड उलटं करा. तिनं केलं. भरल्याला होता.

आई लई दिसांनी आशी हसली. फोन कानापासून लांब धरावा लागला.

५ एप्रिल
दाजींनी फोटो धाडला. आरूची, म्हणजे भाचीची, शाळंची बाटली. बुडाचा फोटो. खाली लिहिलंय, 'हा आकडा कोणता?'

'भंगारशेठ' न्हाय लिहिलं. नुसतं 'सूर्यकांत'.

तिकोन दिसतोय, आतला आकडा घासल्याला. पाच हाय का सात, काय केल्या समजंना. इस्माईलभाईनं भिंग लावलं. त्यालाबी न्हाय.

फोन लावला. दाजी, बाटली रिकामी करा, फरशीवर टाका, फोन जवळ धरा. आधी म्हणले, काय पोरखेळ. मंग खुर्ची सरकल्याचा आवाज. म्या गोडाऊनच्या मागं गेलो, डोळं मिटलं. ह्याच दोन आवाजांत गेल्या महिन्यात चुकलो होतो.

ठक.

सोलापुरात त्याच वक्ताला रिक्षाचा हॉर्न.

म्हणलो, "परत टाका दाजी."

"बरं," म्हणले. "टाकतो. नीट ऐक."