जांभळीला बांधलेली डबी

वळ, ता. भिवंडी
रविवार

प्रिय रीमा,

पाकीट बघून तू घाबरशील. हल्ली घरी पत्र येतं ते बँकेचं, नाहीतर कोर्टाचं. तसलं काही नाही. घरी सगळे बरे आहेत, बाबांचा गुडघा दुखायचा तो दुखतोच आहे, आणि भाविक तुझ्याशिवाय नीट जेवत नाही. हे शेवटचं मी सांगितलं असं त्याला सांगू नकोस. फोन करता आला असता, पण आपलं फोनवर काय होतं ते तुला माहीत आहे. मी जेवलीस का विचारते, तू हो आई म्हणतेस, आणि मग दोघी गप्प. शिवाय मला जे सांगायचं आहे ते बाबांच्या कानावर जायला नको, आणि या घरात बाबा नाहीत अशी जागा नाही. आज ते हळदीला गेलेत, म्हणून ओट्याशेजारी पाट मांडून लिहायला बसले आहे. दहावीच्या पेपरानंतर एका बैठकीत इतकं लिहायची वेळ आली नव्हती, तेव्हा चुका सांभाळून घे.

आधी त्या दिवसाचं बोलते, नाहीतर पुढचं काही सुचणार नाही. तू आणि भाविक सोनोग्राफीला गेला होतात. मी तुझ्या कपाटात बाळाच्या दुपट्यांसाठी जागा करत होते. नको तिथे हात घालायची मला खोड आहे, म्हण हवं तर. साड्यांच्या मागे ती गोल पितळी डबी सापडली. पुढे काच, मागे लाल धागा आणि लाखेचा शिक्का, आत तांदळाच्या कणीएवढं काहीतरी चिकटवलेलं. मला वाटलं तुझ्या आजीचं एखादं पदक असेल. भाविकला फोन लावला तर तो सहज म्हणाला, "हाड हाय ते आई, एका संत बाईचं. रीमाच्या आजीनं दिलंय, बाळासाठी." येताना कोथिंबीर आणतो म्हणावं तसं.

रीमा, आमच्यात हाड घरात येत नाही. हे घर माझ्या सासऱ्यांनी बांधलं, पण ते गेले तेव्हा त्यांच्या अस्थींना या घराचा उंबरा ओलांडू दिला नाही. फडक्यात बांधून बाहेर झाडाला टांगल्या आणि तिथूनच नदीला नेल्या. पोटुशी बाई त्या झाडाखालूनसुद्धा जात नाही. आणि तू सातव्या महिन्यात त्या कपाटाला पाठ लावून झोपत होतीस. पण मी ते फेकलं नाही, एवढं माझं ऐक. मी आंघोळ केली, नवं पांढरं कापड फाडलं, डबी त्यात बांधली आणि मागच्या जांभळीला हात पोचेल तेवढी उंच टांगली. खाली तांब्याभर पाणी ठेवलं. ती कोण बाई होती ते मला ठाऊक नव्हतं, पण आपल्या घरातलं माणूस गेल्यावर जे करतात तेच मी तिचं केलं. दुसऱ्या दिवशी बाबांना खाडीवर पाठवून विसर्जन करणार होते, म्हणजे ती बिचारी एकदाची सुटेल.

तू रिक्षातून उतरलीस आणि ते गाठोडं बघितलंस. तुला वाटलं, मी तुझ्या संताला घराबाहेर काढलं. तू स्टूल आणलंस आणि एवढं पोट घेऊन त्यावर चढलीस. तेव्हा माझा जीव कुठे होता ते मलाच माहीत. मग संध्याकाळी कळलं की डॉक्टरांनी बाळाची वाढ मागे आहे म्हणून सांगितलं, पाणीही कमी आहे. जिभेला हाड नसतं म्हणतात. मी बोलून गेले की घरात मेल्या माणसाचं हाड ठेवल्यावर दुसरं काय होणार. सकाळी तू डबी घेऊन वसईला गेलीस. गावात कोणाला काही वाटलं नाही, पहिलं बाळंतपण माहेरीच असतं. मी मात्र आल्यागेल्याला हसून सांगत होते की सून माहेरी गेली, आणि आत जीव टांगणीला लागला होता.

तू गेल्यावर मी काय केलं ते ऐक, तुला हसू येईल. शेजारच्या तुळजावहिनीला बरोबर घेऊन मी ठाण्याला तुमच्या एका चर्चमध्ये गेले. बाबांना सांगितलं, डोळे तपासायला चाललो. मोकळ्या हाताने कसं जायचं म्हणून नारळ घेतला. तिथले फादर तुमच्या वसईकडचेच निघाले, आमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलणारे. त्यांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला आणि चहा मागवला. मी सरळच विचारलं की तुम्ही मेलेल्याचं हाड घरात, देवळात का ठेवता, तुम्हाला भीती वाटत नाही का. तुळजावहिनीने मला चिमटा काढला. फादर रागावले नाहीत. त्यांनी सगळं सांगितलं. संत कोणालाही म्हणत नाहीत, माणूस गेल्यावर वर्षानुवर्षं चौकशी चालते, तो कसा वागला, कोणाला काय बोलला, त्याच्या नावाने प्रार्थना करून खरंच कोणी बरं झालं का, ते डॉक्टरांकडून तपासून घेतात. मला वाटलं, आपल्याकडे सोयरीक जुळवताना एवढी चौकशी करत नाहीत. मग अवशेषांची प्रतवारी असते म्हणे. संताच्या अंगाचा अंश पहिला, त्याचे कपडे, जपमाळ, वापरलेल्या वस्तू त्यानंतर, आणि त्या अवशेषाला लावलेलं कापड तिसरं. विकायचे नाहीत, विकत घ्यायचे नाहीत. पूजा त्यांची करायची नसते, ती फक्त देवाची. संताला मान द्यायचा आणि म्हणायचं, तू तिथे देवाजवळ आहेस, आमच्यासाठी दोन शब्द टाक.

मी विचारलं, मग काम झालं की ती काय घेते. कोंबडं? साडी-चोळी? कारण आमच्यात फुकट कोणी काही करत नाही, नवस बोलला की फेडावा लागतो आणि चुकला तर ते दैवत पाठ सोडत नाही. मला तीच धास्ती होती, की तुझ्या आजीने काय कबूल केलं आहे आणि ते कोणाच्या अंगावर येणार आहे. फादर म्हणाले, ती काही मागत नाही. माझा विश्वास बसला नाही. मग वहिनीने तिच्या पद्धतीने विचारलं, "पन हाडच कशाला लागतं व तुमाला? फोटो न्हाय का पुरत?" त्यावर फादर म्हणाले, "बाई, ज्या अंगाने लोकांवर माया केली ते अंग टाकाऊ कसं होईल? शेवटच्या दिवशी देव तेच अंग पुन्हा उठवणार अशी आमची श्रद्धा आहे. तोवर आम्ही ते सांभाळतो." पुढे ते बरंच बोलले. तुमच्या चर्चच्या वेदीतसुद्धा असा एखादा अवशेष बसवतात, असंही काही सांगत होते. मला ऐकू येत होतं आणि येत नव्हतं. परत येताना वहिनी विचारत राहिली की तोंडाला कुलूप का लावलंस. ऊन लागलं म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी घरातून निघाले आणि पूर्णा गावाच्या रस्त्याला आपली खालची शेती होती तिथे गेले. तू ती शेती बघितलेली नाहीस. तुझ्या लग्नाच्या खूप आधी विकली, भराव पडला, आता तिथे गोडाऊनचे गाळे आहेत, एकाला एक लागून, सगळ्यांचे पत्रे निळे. बांध नाही, पाट नाही, करंजाचं झाड नाही. मी एका गाळ्याच्या दारात उभी राहून अंदाज बांधत होते. ओढा इकडून यायचा, म्हणजे बांध इथे, म्हणजे करंज त्या आतल्या खांबाजवळ. तिथे एसीचे खोके छतापर्यंत रचले होते आणि एक मशीन त्यांच्यामधून पुढे-मागे करत होतं. वॉचमन आला. भला माणूस होता, त्याने खुर्ची दिली. म्हणाला, "अम्मा, किसको ढूंढ रही हो?" मी म्हटलं, किसी को नहीं, पहले हमारा खेत था. आणि पाणी पिऊन घरी आले.

आता लिहिते. भाविकच्या आधी मला एक मुलगा झाला होता, रीमा. भाविकला माहीत नाही. पाचवी पुजली, सटवाईपुढे कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि बारशाच्या आधीच तो गेला. ताप आला, दूध ओढेना, भिवंडीला नेईपर्यंत अंग निळं पडलं. एवढ्या लहान बाळाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बाबांनी त्याला हातावर घेतलं आणि सासऱ्यांनी टोपलीत मीठ घेतलं. मला उंबऱ्याच्या बाहेर येऊ दिलं नाही. माझ्या सासूबाई, हौसाबाई, वाईट नव्हत्या, पण त्या म्हणाल्या, "नाव न्हाय ठेवलं ना, मंग रडू नको. नाव नसलेल्याला रडलं की तो परत परत येतो." मी रडले नाही. पुढे लावणीला गेले तेव्हा बाबांनी न बोलता करंजाकडे बघितलं, त्यावरून मला जागा कळली. मग मी भाकरी खायला नेहमी त्याच झाडाखाली बसायची. कोणी काही म्हटलं नाही. शेत विकायचं ठरलं तेव्हा घरात दराची, रस्त्याची, वकिलाची सगळी बोलणी झाली. झाडाचं कोणी बोललं नाही. मीही नाही. काय बोलणार होते? भरावाचे डंपर चालू झाले तेव्हा मी गावाच्या त्या बाजूला जायचं सोडलं.

फादरचं ते वाक्य ऐकल्यापासून माझ्या मनातून जात नाही. तुमची माणसं कुठल्या कुठल्या देशातून तांदळाच्या कणीएवढं हाड आणतात, काचेत ठेवतात, चार पिढ्या जपतात. आणि मी माझ्या पोटच्या गोळ्यावर गोडाऊन होऊ दिलं. मला त्याची एक कणी मिळाली असती तर मी तरी जांभळीला टांगली असती का? साड्यांच्या मागे लपवली असती, तुझ्यासारखीच.

आणि मला भीती वाटते, रीमा. हे वाचून तू म्हणशील, आई, असं काही नसतं. दिवसा मलाही तसंच वाटतं. पण डॉक्टरांनी वाढ मागे आहे म्हटल्यापासून माझ्या मनाने एकच घेतलं आहे, की हे तुझ्या डबीमुळे नाही. मी तुझ्यावर ओरडले तेव्हाही मला आतून ठाऊक होतं की या घरातलं हाड ते नव्हे. तो तिथे त्या लादीखाली आहे, त्याच्यावर खोके आहेत, मशीन फिरतं, त्याला नाव नाही, त्याच्यासाठी कोणी रडलं नाही, आणि आता त्याच्या भावाचं बाळ येतंय, ज्याची दुपटी मी आधीच शिवून ठेवली. त्याने या बाळाला हात धरून आपल्याकडे ओढलं तर? कोणाला सांगू हे? बाबांना सांगितलं तर ते भगताकडे जातील, तो कोंबडं-लिंबू सांगेल, आणि माझ्या बाळाला भूत ठरवून बांधायला निघेल. ते मला नको आहे. तो भूत नाही, तो लहान आहे.

भाविकने काल सांगितलं की गुरुवारी ऑपरेशन करून बाळ बाहेर काढणार, आता आत ठेवण्यात धोका आहे. मी तिथे येईन, दाराबाहेर बसेन, बोलावलंस तरच आत येईन. पण त्याआधी हे तुझ्या हाती पडावं म्हणून भाविकबरोबर पाठवते आहे. पाकीट चिकटवलं आहे, तो फोडणार नाही. तुझी ती डबी उशाशी ठेव, मी काही म्हणणार नाही. त्या संत बाईचं नाव माझ्या तोंडात बसत नाही, आणि तिला आमची भाषा कळते की नाही कोण जाणे, म्हणून तूच तिला सांग. आधी तुझ्या बाळाचं सांग. मग म्हणावं, तू तिथे आहेस, तुझ्या जवळपास एक लहान मुलगा असेल, आईच्या दुधावरचा, त्याला जरा कडेवर घे. त्याला सांग की त्याची आई त्याला विसरली नाही, आणि हे जे येतंय ते त्याचंच आहे, त्याला येऊ दे. फादर म्हणतील हे असं चालत नाही, त्यांना विचारू नकोस. नावाशिवाय तिला तो कसा सापडेल याचा मी पुष्कळ विचार केला. नाव आहे त्याचं. बारशाला ठेवायचं म्हणून मी मनात ठरवलं होतं आणि दूध पाजताना कानात म्हणायची. आजवर मोठ्याने कधी उच्चारलं नाही, आज पहिल्यांदा लिहिते आहे. तू मोठ्याने म्हण, तुझ्या तोंडून तरी ते हवेत येऊ दे.

तुझीच,
राघोची आणि भाविकची आई