डावीकडे बसणारी गाडी

बाबा,

तुमची एकोणसत्तर सालची लाडकी गाडी मागून डावीकडे बोटभर बसते, म्हणून स्प्रिंगचे नवे पाटे आणि शॉकॲब्सॉर्बर मागवणार होते. आधी सहज डिकी उघडली. डाव्या कोपऱ्यात ब्लँकेटखाली आईची बोलिंगची पिशवी, तीन जड गोळ्यांसकट! तुम्हाला सोडून टुसॉनला राहायला गेल्यापासून आई फोनवर पिशवीचं विचारतेय आणि तुम्ही म्हणता, उंदरांनी नेली. पिशवी उतरवल्याबरोबर गाडी अर्धं बोट वर आली. चार वर्षं फिरवताय होय तिला?

तुमच्या जेवणाचं कॅसरोल ओव्हनमध्ये आहे, गार खाऊ नका.

शॉकॲब्सॉर्बर नुसती उसळी आवरतात, भार पेलतात ते पाटेच. दुकानदार डिकीतलं रोजचं वजन विचारतोय. काय सांगू त्याला? पिशवी धरून, की सोडून?

— रोंडा