डी ड्राइव्हला काही होत नाही

१३ जुलै, रविवार

वाट लागली. डी ड्राइव्ह गेला — आणि मी घालवला. दुसऱ्या कोणी नाही. मी, गंधालीने, भर दुपारी, पूर्ण शुद्धीत!

सगळं नीट लिहून काढते, नाहीतर उद्या मीच स्वतःला काहीतरी वेगळं पटवेन.

कॉम्प्युटर म्हणजे बाबांचा जीव. बाबा म्हणजे माझे सासरे. कंपनीत ड्राफ्ट्समन होते, रिटायर झाले तरी हात थांबत नाही. थर्माकोल बंद झाल्यापासून आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर पुठ्ठ्याचं असतं आणि त्याचं ड्रॉइंग बाबांचं. एकेक कमान, एकेक खाच, कुठला तुकडा कशात अडकवायचा — सगळं. गोंदाचा थेंब लागत नाही! यंदाचं मे महिन्यापासून चाललंय. त्यांच्या गावच्या देवळाचा लाकडी सभामंडप. ते देऊळ पाडून आता सिमेंटचं बांधलंय. जुनं जसं होतं तसं फक्त दोन ठिकाणी उरलंय, बाबांच्या डोक्यात आणि डी ड्राइव्हमध्ये.

कॉम्प्युटर इतका मंद की बाबा बटण दाबून चहा टाकतात, चहा पिऊन होतो, कप विसळून होतो, मग तो उघडतो. म्हटलं, आपण वेगवान करून देऊ. गेल्या आठवड्यात नवी छोटी डिस्क आणून आत बसवली, सी ड्राइव्हमधलं सगळं, विंडोजसकट, तिच्यावर उतरवलं. चालू करताना एक बटण दाबून नवी डिस्क निवडली की झटकन उघडायचा. पण आपोआप मात्र जुन्याच डिस्कवरून चालू व्हायचा. मग माझं डोकं चाललं — जुन्या डिस्कवरचं विंडोज उडवलं की नवीवरूनच चालू होईल ना! काळी खिडकी उघडली. डिस्कपार्ट नावाचा डिस्क पुसायचा प्रोग्रॅम. माऊस नाही, चित्रं नाही, नुसतं टाइप करायचं. सिलेक्ट डिस्क शून्य, म्हणजे जुनी. क्लीन. एंटर.

खात्री आहे का, एवढंसुद्धा विचारलं नाही मेल्याने! शिळी आमटी टाकायची असली तरी आई, म्हणजे सासूबाई, दोनदा विचारतात.

आमच्या घरात एकच नियम — सी उडतो, डी राहतो. नाक्यावरचा धवल दर दिवाळीआधी येऊन सी फॉर्मॅट करून जातो आणि दरवेळी तेच म्हणतो, "काका, डीमध्ये ठेवा, डीला काही होत नाही." म्हणून सगळं डीमध्ये. दुसरी कॉपी कुठेच नाही. कशाला, डीला काही होत नाही ना! सी आणि डी हे एकाच कपाटाचे दोन कप्पे आहेत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कप्पा झाडायला गेले आणि कपाटच रिकामं केलं.

आणि गंमत बघा — कॉम्प्युटर पुन्हा चालू केला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडला! झकास! मी टाळी वाजवणार होते. तेवढ्यात दिसलं, नुसता सी. डी नाहीच.

काही सुचेना. भिंतीवरचं बटण फाटकन बंद केलं आणि स्वयंपाकघरात जाऊन कोथिंबीर निवडत बसले. चांगली निवडलेली पुन्हा निवडली.

संध्याकाळी बाबांची हाक आली. "गंधाली, डी खंय गेलो गो?"

मी काही बोलायच्या आत आई कडाडल्या, "खंय जातलो! तुम्हीच घालवलात. दुपारी बटण बंद होतं, मी डोळ्यांनी बघितलं. चालू असताना दाबलंत असणार!" बाबांना ती सवय आहेच — दिसलं बटण की कर बंद. माझ्या नवऱ्याचा, निहारचा फोन चार्जिंगला असतो तेही.

"मी? मी तर झोपलेलो."

"मधे पाणी प्यायला उठलात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हटलं — हो, मी म्हटलं — "तसं झालं असेल बाबा. जुनी डिस्क, एकदम बंद झाली की जाते कधीकधी."

निहारने विचारलं, "तुझ्या त्या नव्या डिस्कमुळे तर नाही ना गं?" मी वसकन ओरडले त्याच्यावर.

ते बटण मी बंद केलं होतं. मी!

१४ जुलै

ऑफिसात सुबोधला गाठलं. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं सगळं तोच बघतो. ऐकून त्याने कपाळावर हात मारला. "अगं ए, चालू करताना कुठली डिस्क आधी बघायची, एवढा नुसता क्रम बदलायचा होता! दोन मिनिटांचं काम. पुसायचं कशाला?"

दोन मिनिटांचं काम.

म्हणाला, "जुनी डिस्क काढून ठेव, तिच्यावर काही लिहू नकोस, कदाचित मिळेल." पण परवापासून त्याची रजा, बायकोचं बाळंतपण. ऑगस्टमध्ये बघू म्हणाला. घरी सांगितलं, दुरुस्तीला दिलीय. आणखी एक थाप. पण ही निदान अर्धी खरी.

१६ जुलै

बाबांनी आज तीनदा विचारलं, "मी खरंच बंद केलं होतं का गो?" एकदाच हो म्हटलं. दोनदा नुसती मान हलवली. म्हणजे जणू कमी खोटं बोलले!

२० जुलै, रविवार

कॉम्प्युटरच्या बटणावर चिठ्ठी चिकटवलीय. पट्टीने आखल्यासारखं ते ड्राफ्ट्समनचं अक्षर — "जयवंत, हात लावू नये." स्वतःच स्वतःला!

आई हसल्या. निहारने फोटो काढला. मी भांडी घासायला गेले, बाई येऊन गेली होती तरी.

२४ जुलै

बाबा कागदावर ड्रॉइंग पुन्हा काढायला बसले होते. मोठा बोर्ड, टी स्क्वेअर, सगळं माळ्यावरून उतरवलं. मला किती बरं वाटलं! वाटलं, हातानेच काढतील, माझी सुटका होईल. हे असं वाटलं हे लिहायलाच हवं.

अर्धा मंडप झाला आणि थांबले. "खांब आठ होते की दहा?" गावी चुलतभावाला फोन लावला. तो म्हणाला आठ. बाबा म्हणाले दहा. मग म्हणाले, "नाही, तू म्हणतोस तर आठच असतील. माझा आता काय खरा नाय." आणि पेन्सिल खाली ठेवली. यार, हा माणूस मागच्या वर्षी एका खाचेवरून अख्ख्या कमिटीशी भांडला होता!

संध्याकाळी कमिटीच्या मधुवंतीकाकू आल्या. "जयवंतराव, तब्येतीला जपा. यंदा वाटलं तर तयार मखर आणू." बाबा लगेच हो म्हणाले. लगेच. एवढासुद्धा वाद नाही.

काकूंना चहा नेऊन दिला. अर्धा बशीत सांडला.

२७ जुलै

निहार म्हणाला, "बाबांना डॉक्टरांना दाखवूया का गं? हल्ली गॅस बंद केला का म्हणून चार चार वेळा जाऊन बघतात." तेव्हा सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, शप्पथ! पण सांगितलं नाही.

का नाही? बाबा रागावतील म्हणून? बाबा मला कधी रागावलेत? आई बोलतील म्हणून? तेही नाही. या घरात कोणाचा फोन अडला, टीव्ही अडला की सगळे म्हणतात, "गंधालीला दाखव, तिला कळतं." तेवढंच माझं. ते जाईल म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी मी एका माणसाला म्हातारा करतेय.

२ ऑगस्ट

डॉक्टरांकडे जाऊन आलो. पाच शब्द सांगितले, मग इकडच्या तिकडच्या गप्पा, मग विचारले. बाबांनी पाचही सांगितले, क्रमाने. घड्याळ काढायला सांगितलं तर असं सुंदर काढलं की डॉक्टर म्हणाले, हे मी ठेवून घेतो. "काका, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे!"

मला वाटलं, सुटलो. आता खुलतील.

रिक्षात बसलो. नाहूरच्या पुलावर म्हणाले, "डॉक्टर म्हणतात सगळा बरा आसा. मगे ता बटण कसा विसरलंय?"

मी बाहेर बघत बसले. गाढव आहे मी. गाढव नाही, दुष्ट आहे.

७ ऑगस्ट, गुरुवार

मिळाला! डी मिळाला!!

सुबोध रजेवरून आला, मुलगी झाली त्याला. पेढा तोंडात आणि डिस्क हातात. पुन्हा तसलीच काळी खिडकी. मला तर बघूनच घाम फुटला. म्हणाला, "क्लीन सगळं पुसत नाही गं, नुसती अनुक्रमणिका फाडतो. पानं आत असतात." तासभर चाललं. मग एक ओळ उमटली आणि तिच्यापुढे डी. आत सगळी मखरं, वर्षावर्षाची. यंदाचंही! मी ऑफिसात सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. सुबोध घाबरला. त्याला वाटलं, मखर म्हणजे काहीतरी फार मोठं असणार.

घरी नुसता गोंधळ. निहारने मला उचललंच. आई सगळ्या शेजारणींना फोन करून — "आमच्या गंधालीने वाचवलं हो!" साजूक तुपातला शिरा केला माझ्यासाठी. मी दोन वाट्या खाल्ला.

आणि बाबा! स्क्रीनसमोर उभे राहून खांब मोजत होते. दहा. दहाच होते. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बरोबर होतंय मी," म्हणाले.

तेव्हाही सांगितलं नाही. आता काय बिघडलं, सगळं मिळालं ना, असं मनाला सांगितलं.

१० ऑगस्ट

बिघडलंय. बाबा माऊसला हात लावत नाहीत. मला शेजारी बसवतात. "तू चालव. मी सांगतंय." दोन्ही हात मांडीखाली दाबून बसतात, शाळेत बाईंनी दटावलेल्या पोरासारखे. मी रेघ चुकवते, ते नुसतं "जरा डावीकडे" म्हणतात. स्वतः केलं असतं तर क्षणात झालं असतं.

कॉम्प्युटर मात्र असा झटकन उघडतो! बाबा आता चहा टाकायलाच उठत नाहीत.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

मखर उभं राहिलं. काय दिसतंय! दहा खांब, वर ती उतरती कौलं, आत मूर्ती. बाबांच्या गावचे दोघे तिघे भांडुपहून बघायला आले आणि एक जण तर खांबाला हात लावून उभाच राहिला.

आरती झाल्यावर मधुवंतीकाकूंनी बाबांच्या हातात माईक दिला. बाबा म्हणाले, "माझ्या चुकीने हे सगळं गेलं होतं. म्हाताऱ्याने चालू मशीनचं बटण बंद केलं. माझ्या सुनेने परत आणलं." टाळ्या. सगळे वळून माझ्याकडे बघतायत. मी हात जोडले. हात जोडले मी, गणपतीसमोर!

बस. विसर्जन झालं की सांगायचं. सणात नको. ही पळवाट नाही — हो, आहेही थोडी. पण सांगणार.

७ सप्टेंबर, रविवार

सांगितलं.

बाबा गॅलरीत तुळशीला पाणी घालत होते. मी तिथेच जमिनीवर बसले आणि सगळं ओकले. जुनी डिस्क, काळी खिडकी, शून्य, क्लीन. कोथिंबीर. भिंतीवरचं बटण मी बंद केलं, तुम्ही नाही, तुम्ही झोपला होतात, आईंनी नुसतं बंद झालेलं बघितलं. एका दमात. रडत रडत. त्यांनी मला हाकलून द्यावं, कानाखाली वाजवावी, काय वाटेल ते करावं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. तांब्या खाली ठेवला. आणि हसले! इतकं मायेने हसले.

"माका सांभाळून घेतंस, होय ना?"

"नाही हो बाबा! खरं सांगतेय मी!"

"गो, माका आठवता. पाणी पिऊन इलंय, पंखो बंद केलंय, मगे ता बटण. तो लाल दिवो विझलेलो दिसता माका अजून."

कुठला दिवा? कसा दिसेल त्यांना? जे झालंच नाही ते त्यांना आठवतंय, आणि ते तिथे मीच घातलंय — रोज मान हलवून हलवून!

मी शपथा घेतल्या. सुबोधला फोन लावते म्हटलं. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "देव तुझा भला करो. पण म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नये." आई आतून आल्या तर त्यांचंही तेच. "पुरे गं पोरी. त्यांना कळतं. किती जीव लावतेस!" निहारने तर मला जवळच घेतलं.

कोणीच ऐकत नाही. दोन महिने खोटं बोलले, पहिल्या दिवशी निहारने विचारलं तेवढंच, मग एकानेही शंका घेतली नाही. आज खरं बोलले तर सगळे मिळून मला समजावतायत.

शेवटी उठले आणि बटणावरची ती चिठ्ठी टराटरा फाडून टाकली. बाबा नुसते बघत होते.

८ सप्टेंबर

सकाळी बटणावर नवी चिठ्ठी. अक्षर तेच, पट्टीने आखल्यासारखं. "जयवंत, हात लावू नये." आणि खाली आणखी एक ओळ — "गंधालीला त्रास होतो."