कलती छत्री

४ एप्रिल
चि. धाकट्यास, अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.
फोनवर बोललं की हे ऐकतात, म्हणून लिहिते. दुखण्यातून उठले, पण ह्यांचा हात अजून थरथरतो. रोज अंगणात बसले, चार पावलं चालले तर ठीक, नाहीतर अंथरूण धरतील, असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि हे दारापर्यंत जाऊन माघारी फिरतात. ऊन लागतं म्हणतात. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर गॅलरीतून रोज तब्येत विचारतात, तर ह्यांच्या वतीने मीच उत्तर देते. मला ना आत बसवत, ना बाहेर.
फुटपाथवर छत्र्या दुरुस्त करता करता तू दुकानदार झालास. आता अंगणात उभी करायची एक मोठी छत्री निवडून दे. रंग फिका असू दे.
जीव लावतोस तसाच लाव.
तुझी ताई

१० एप्रिल
ति. ताईस, सा. न. वि. वि.
पत्र गल्ल्यावरच वाचलं. जागेचं माप सांगायच्या आधी रंग सांगणारं गिऱ्हाईक मला लगेच ओळखू येतं; बहीण निघाली म्हणून सोडून दिलं. मधोमध दांडा असलेली, चांगली ऐसपैस छत्री पाठवतोय. बूड जड आहे, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला ती शेजाऱ्यांची व्हायची.
भाऊजींना नमस्कार. लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१९ एप्रिल
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
छत्री आली. सावली इतकी की चार खुर्च्या मावतील, पण एकही भरली नाही. भर उन्हात हे फिरकले नाहीत. ऊन उतरल्यावर आले आणि छत्री उघड म्हणाले. उघडली, तर खालून वाकून वर गॅलरीकडे पाहिलं आणि आत निघून गेले. काल आभाळ भरलेलं होतं, तरी तेच. ऊन नसताना माणूस सावली मागतो, म्हणजे आजार डोक्यात तर नाही ना चढला? रात्रंदिवस हाच घोर लागलाय. छत्री परत घेतोस का?
उत्तराला उशीर करू नकोस, मायेची शपथ.
ताई

२३ एप्रिल
ति. ताईस, सा. न. वि. वि.
भाऊजींचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा ठिकाणावर आहे. सावली कशापासून हवी, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. तुला विचारलं नाही, घरचंच काम म्हणून. परवा फोनवर तुझ्यामागे पोस्टमास्तरांचा आवाज आला आणि पाठोपाठ खुर्ची सरकली. भाऊजीच उठून गेले ना? ज्या हाताने बाजारातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या, तो चहाच्या कपाशी झटापट करताना वरून दिसावा, हे त्यांना सोसत नाही. नुसतं ऊन टाळायचं असतं तर त्यांनी टोपी मागितली असती.
सरळ छत्रीच्या कडेखालून गॅलरी दिसते, म्हणून बाजूला दांडा असलेली, कलणारी छत्री पाठवतोय. गॅलरीकडे कलव आणि खऱ्या कारणाबद्दल एक अक्षर बोलू नकोस. पहिली सदोष निघाली म्हणून सांग. माझ्या दुकानाला नावं ठेवू देत खुशाल.
कळव लवकर, इथे माझंही लक्ष लागत नाही.
धाकटा

८ मे
चि. धाकट्यास, अ. उ. आ.
कलवली. पहिल्या दिवशी हे दोन्ही हातांनी कप धरून बसले. निम्मा चहा सांडला. मी पाठ करून कुंडीतली वाळकी पानं खुडत राहिले. आता रोज बसतात, कुंपणापर्यंत चालतात, आणि मेव्हण्याने आधी भंगार माल गळ्यात मारला म्हणून तुझा उद्धार करतात. मी मान डोलावते.
काल अचानक वारं सुटलं, छत्री मिटावी लागली. पोस्टमास्तर गॅलरीत उभेच होते. मी ह्यांना आत चला म्हटलं. हे हलले नाहीत. अजून अर्धा कप आहे, म्हणाले. हात थरथरत होता, वरून दिसत होता, आणि हे सावकाश पीत होते. कप खाली ठेवेपर्यंत माझाच जीव खालीवर झाला.
आता एकदा येऊन जा. माया आहेच, पण ती पत्रात किती दिवस भागवायची?
तुझी ताई