वरचं घर रिकामं आहे

१४ जून
लातूरला येऊन आठवडा झाला. शिवानीची बारावी आणि नीटची तयारी. ह्यांना धर्माबादची मिरचीची आडत सोडवत नाही, म्हणून भाड्याच्या घरात मायलेकी दोघीच. आज अप्पा (घरमालक) आले आणि आपणहून म्हणाले, "वैनी, पुढल्या महिन्यापासून भाडं थोडं कमीच द्या." मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! घासाघिशीची सगळी तयारी वाया. आडत्याच्या घरात आयुष्य गेलं. न मागता भाव उतरला की मी माल उलटून बघते. नळ, भिंती, खिडक्या पाहिल्या. सगळं धड.

३० जून
गल्लीभर ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या. यंदा क्लासला पोरं कमी. काही नांदेडला गेली, काही घरीच मोबाइलवर शिकतात. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही, बाकी शुकशुकाट. अप्पांनी पहिल्या मजल्याच्या दोन्ही घरांच्या चाव्या दिल्या. "रोज तिन्हीसांजेला दिवे लावत जा. अंधाऱ्या बिल्डिंगीत गिऱ्हाईक पाय ठेवत न्हाई." बदल्यात भाडं अर्धं. लावीन की! त्या रिकाम्या घरांत मी चप्पल काढून जाते, का कुणास ठाऊक.

१९ जुलै
संध्याकाळी दूध घेऊन येताना वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरही दिवा. आमच्या बरोबर वर. अप्पांना फोन केला.
"ते घर मी देतच न्हाई, वैनी."
मग दिवा?
"वायरिंगचं काही असंल."
वायरिंगचं! वर जाऊन आले. दाराला कुलूप, कुलपावर धूळ. आत एक मुलगी मोठ्याने पाठ करत होती. खाली येऊन आमच्या दाराला आतून कडी घातली.

२ ऑगस्ट
शिवानीला काही सांगितलं नव्हतं. आज जेवताना तीच म्हणाली, "आई, वरची मुलगी माझ्या एक धडा पुढं हाय. मी गाठलं की ती लगेच..."
क्लासच्या परीक्षेत मार्क मात्र चांगलेच वाढलेत. पोरगी खूश. भीती वाटते आणि हावही सुटते. खोटं कशाला लिहू?

१० सप्टेंबर
आमच्या बरोबर खालच्या घरात देगलूरच्या मायलेकी आल्या. त्यातली आई मला अक्का म्हणते. माणसांचा आवाज ऐकून बरं वाटलं. त्या घराची चावी अप्पांना परत.
शिवानी फार वाळलीय. बोलता बोलता मध्येच थांबते. कान वर.

२८ ऑक्टोबर
दिवाळी धर्माबादला झाली. शिवानीने पुस्तक उघडलंसुद्धा नाही. झोपली, पोटभर जेवली, चुलत भावाशी कडाकडा भांडली. माझी पोर मला परत मिळाली.
आज परत आलो. जिन्यात देगलूरवाली भेटली. "अक्का, दिवाळीला गावाकडं न्हाई गेलात? तुमची पोरगी सणातबी वाचून राहिली होती. आमची म्हणते, वरची माझ्या एक धडा पुढं हाय."
मी ‘हाव’ म्हणत मान डोलावली. दुसरं काय म्हणणार?

२९ ऑक्टोबर
ह्यांना फोन. घर बदलते म्हटलं.
"वर्षाच्या मधी? इतक्या कमी भाड्यात कुठं मिळंल?"
ऐकून घेतलं आणि पिशव्या भरायला काढल्या. अप्पांना बोलावून सांगितलं, आम्ही निघतो. त्यांनी एकदा जिन्यावरून वर पाहिलं.
"वैनी, आजपासून भाडंच नको. तुम्ही फक्त राहा."
कोथिंबिरीच्या जुडीवर हुज्जत घालणारी बाई मी. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं.
आत गेले. शिवानी सामान टाकून टेबलाशी बसली होती. पुस्तक उघडं, ओठ हलत होते. आवाज वरून येत होता.
पिशव्या दारातच आहेत. अप्पांना उद्या सांगते म्हटलंय.