सकाळचा टँकर संध्याकाळी

सांगली, शुक्रवार

प्रिय सुमैरा आपा,

अस्सलामु अलैकुम. साताऱ्याला तुम्ही सगळे खुशाल असाल आणि दुल्हाभाईंची कंबर धरायची थांबली असेल, अशी दुआ करते. माझं विचारशील तर तापबिप काही नाही, पण मंगळवारपासून फोन वाजला की मी तो उशीखाली सारते. (म्हणून हे पत्र. तुझा फोन आला तरी मी उचलणार नाही.)

कॉलेजात असताना तू स्कीम नावाच्या संगणकाच्या भाषेत वेबपानं बनवणारी लायब्ररी लिहिली होतीस, आठवते ना? एकदा साचा करून ठेवायचा, यादी दिली की पान तयार. तीच मी धैर्यशीलदादांना बसवून दिली होती. त्यांचे पाण्याचे टँकर जत तालुक्यात फिरतात. सकाळी कुठल्या वस्तीवर जायचं, संध्याकाळी कुठल्या, हे ड्रायव्हर त्या पानावर बघतात. त्यांचा जुना सर्व्हर बंद पडला आणि नव्यावर तुझ्या वेळची स्कीम काही केल्या चढेना. म्हटलं, दुसरी स्कीम घेऊ, भाषा तर तीच. (इथंच मी फसले. भाषा एक, पण ती चालवणाऱ्या यंत्रणा ढीगभर, आणि प्रत्येकीची तऱ्हा निराळी.) पहिल्या दिवशी बावन्न चुका आल्या, त्या निस्तरल्या. मग पान इतकं देखणं उघडलं की मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

मंगळवारी दुपारी बनुबाईंचा फोन आला. खालच्या वस्तीवर त्यांची साठ मेंढरं आहेत. "आवं बाई, सकाळधरनं घागरी मांडून बसलोय. मेंढरं जिभा काडाय लागल्यात. टँकर कुठं हाय?" टँकर वरच्या वस्तीवर होता, जिथं तो संध्याकाळी जायचा. पानावर तसंच होतं! घाईत माझा पासवर्ड तीनदा चुकला. आधी ड्रायव्हर अर्जुनाला फोन करून टँकर खाली वळवला, मग शोधत बसले. तुझा साचा यादीतून एका दमात दोन नावं वाचतो, आधी सकाळच्या वस्तीचं, मग संध्याकाळच्या. जुनी स्कीम डावीकडचं आधी वाचायची, नवी उजवीकडचं. झाली सकाळची संध्याकाळ. आधी हे, मग ते, असा क्रम बांधून दिला तेव्हा पान सरळ झालं.

तरी जीव राहवेना. बुधवारी एसटीनं जतला गेले, तिथून अर्जुनाच्या टँकरमधून वस्तीवर. एक कोकरू आडवं पडलेलं दिसलं आणि मी धावतच सुटले. (झोपलं होतं.) चूक माझी, असं कसंबसं म्हणाले. बनुबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "येवढं सांगाय सांगलीवरनं आलीस व्हय? बस. ताक पी."

ताक पिताना रडू आलं, ते मी मिरचीवर ढकललं.

तुझी धाकटी,
फिरदोस

ता. क. दोन नावं वाचणाऱ्या त्या ओळीच्या वरच तुझी टीप सापडली: 'हा क्रम नशिबानं बरोबर येतोय. नंतर बघू.' तारीख तुझ्या निकाहाच्या आदल्या दिवसाची. बनुबाईंना मी तुझं नाव सांगितलेलं नाही.

ता. क. २. अजून अकरा फाइली नव्या सर्व्हरवर न्यायच्या आहेत. 'नंतर बघू' सात ठिकाणी सापडलं. आठव्या ठिकाणी नुसतं 'या अल्लाह' लिहिलंय. ती फाइल मी तशीच बंद केली. रविवारी ये, आपा.