आठ सह्या, दोन सिटिंग

सोमवार, १२ जानेवारी
लिहायला बसले, कारण आज क्लिनिकात माझ्याच सह्यांनी मला खोटं पाडलं. गालावरच्या वांगासाठी लेझरच्या आठ सिटिंगचे पैसे आगाऊ भरले होते, चोवीस हजार. दोन झाली (२९ ऑक्टो., ५ नोव्हें.) आणि गाल भाजल्यासारखा लाल झाला. घरच्या डॉक्टरांनी बंद करायला लावलं. राहिलेल्या सहाचे पैसे मागायला गेले, तर काउंटरवरच्या रेखाने कार्ड पुढे सरकवलं. आठही चौकटींत माझी सही.
"मॅडम, तुमचं तर पूर्ण झालंय."
सही नाकारणार कशी? पहिल्या दिवशी तोंडाला क्रीम, चष्मा काढलेला, आणि हीच म्हणाली होती, "सगळ्या आताच करून टाका, दर वेळी कशाला त्रास." केल्या. बत्तीस वर्षं ऑफिसात कोऱ्या कागदावर सही करणाऱ्यांना झापलं, आणि मी स्वतः...
कार्डाचा मोबाइलवर फोटो काढला. रेखाने अडवलं नाही. का, कळेना.

मंगळ. १३
ह्यांना सांगितलं. भिशीचे पैसे माझे, म्हणून आधी विचारलं नव्हतं. खरं कारण ते नव्हे. बासष्टाव्या वर्षी चेहऱ्याचं काय घेऊन बसलीस, हे ऐकायचं नव्हतं.
ह्यांनी चष्मा लावून माझे दोन्ही गाल नीट पाहिले. "हा होय वांग? अगं, तो लग्नातही होता असं धरून चाललोय मी."
रागवावं की हसावं! मग म्हणाले, "पैसे मात्र सोडू नकोस."

बुध. १४, संक्रांत
गुळाच्या पोळ्या झाल्यावर फोटो मोठा करून पाहिला. सह्यांची शाई निळी, शेवटच्या सहांपुढच्या तारखा काळ्या. नंतर घातलेल्या. ओळीने सगळे बुधवार. १२ नोव्हें., १९, २६...
२६ ला मी नांदगावात होते! थोरल्या बहिणीचं, माईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन.

गुरु. १५
एसटीची तिकिटं सापडली, २५ चं जातानाचं, २७ चं येतानाचं. भत्त्याच्या बिलांमुळे लागलेली सवय, तिकीट फेकवत नाही. छपाई उडत चाललीय, म्हणून आधी झेरॉक्स.
हे म्हणाले, "यावर तुझं नाव कुठंय?"
खरंच. अर्धा दिवस वाया. संध्याकाळी सुचलं आणि माईला फोन केला. ऑपरेशनच्या संमतीचा कागद?
"हाय ना फाइलीत. तूच सही केलीस, खाली तारीख बी घातलीस. डॉक्टर म्हणला, नातेवाईक लय कडक हायेत. पण तुला झालंय काय?"
सांगितलं. बराच वेळ हसली. मग म्हणाली, "माझ्यासाठी बी विचार, कितीला करतात."

शनि. १७
माईच्या कागदाची प्रत आली. माझं नाव, सही, २६ तारीख, सकाळचे साडेदहा. घड्याळ बघून लिहिलं होतं ते आठवतं. कार्डावर त्याच दिवशी मी नाशकात लेझरखाली!
क्लिनिकात रेखा एकटीच. मूळची दिंडोरीकडची, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. तारखांचं विचारलं. तिने आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "महिनाअखेर आली की सगळी कार्डं भरून ठेवायला लावतात. मला पटत नाय, म्हणून तर फोटो काढू दिला. तुम्ही लेखी द्या मॅडम, तोंडी कुणी ऐकत नाय. मोठ्या मॅडम सोमवारी हायेत."
तिच्यावर चिडायचं ठरवून गेले होते. जमलं नाही. अर्जात तिचं नाव घालणार नाही.

सोम. १९
मोठ्या मॅडम फार गोड. "आंटी, पैशांऐवजी फेशियल घ्या ना."
"आंटी नको. फेशियलही नको."
माईचा कागद कार्डाशेजारी ठेवला. २६ वर बोट. त्यांनी दोन्ही तारखा ताडून पाहिल्या. "बघते," म्हणाल्या, पण आवाज उतरला होता. म्हटलं, किती दिवसांत, ते लिहा. लिहिलं: आठ दिवसांत कळवू.
येतील पैसे. मला वाटतं, येतील.

दिलं: अर्ज, दोन पानं. तिकिटांची झेरॉक्स. माईच्या कागदाची झेरॉक्स. मूळ तिकिटं माझ्याजवळ. तिळाचे लाडू दोन, एक मॅडमना, एक रेखाला. 'गोड बोला' म्हटलं नाही.
मिळालं: पोच. शिक्का, सही, तारीख. चष्मा लावून तिथेच दोनदा वाचली.